प्रभारी बाईंची नोंद

मला एकच वाक्य घालायचं होतं. मी ज्या ख्रिस्ती कॉलेजात शिकले, त्याची नोंद इंटरनेटवरच्या एका ज्ञानकोशात कोणीतरी लिहिली होती. कोणीही भर घालावी, असं वर आवाहन होतं. संस्थापक पाद्री, दगडी इमारत, क्रिकेटचं मैदान, प्राचार्यांची यादी, सगळं होतं. बाई नव्हत्या.

बाई आम्हाला रसायनशास्त्र शिकवायच्या. मूळच्या घाटनांदूरच्या, मिशनच्या शाळेत शिकून वर आलेल्या, लग्न न केलेल्या. आमच्या वेळचे प्राचार्य आजारी पडून दीड वर्ष रजेवर गेले, तेव्हा कॉलेज बाईंनी चालवलं. त्याच उन्हाळ्यात वसतिगृहाची विहीर आटली. संस्थेच्या मंडळींनी ठरवलं, मुलींना घरी पाठवून द्या, मुलांचं बघता येईल. त्या कागदावर बाईंनी सही केली नाही. टँकर आला की स्वतः पाइप धरून उभ्या राहायच्या. माझ्या वडिलांचं वडवणीत किराणा दुकान होतं. त्या उन्हाळ्यात मी घरी गेले असते तर परत आलेच नसते. वडिलांनी स्थळ बघून ठेवलं होतं.

पुढे मी वडवणीतच शाळेवर लागले. बीडला सायबर कॅफे निघाले होते. रविवारी एसटीनं तिथं गेले असताना ती नोंद दिसली. मराठी टाइप करता येत नव्हतं. एकेक अक्षर हुडकत तासाभरात लिहिलं, की प्राचार्यांच्या रजेच्या काळात दीड वर्ष बाईंनी कॉलेज सांभाळलं आणि मुलींचं वसतिगृह बंद पडू दिलं नाही.

पुढच्या रविवारी वाक्य गायब. कारण दिलेलं : ‘संदर्भ नाही.’ मी परत घातलं, परत काढलं गेलं. चर्चेच्या पानावर मी लिहिलं, ‘मी तिथं होते.’ टोपणनाव घेतलेल्या एका संपादकानं उत्तर दिलं, ‘वैयक्तिक आठवणी ग्राह्य नाहीत. छापील पुरावा द्या.’

ग्राह्य! त्या माणसानं ते कॉलेज बाहेरून तरी पाहिलं होतं का? माझी कानशिलं तापली.

“म्याडम, काहून एवढं मनाला लावून घेता?” कॅफेवाला म्हणाला. “त्येला काय म्हाईत हाय?”

“माहीत नाही, तरी खोडतोय ना!”

मी कॉलेजला पत्र पाठवलं. दोन ओळींचं उत्तर आलं : प्रभारींची नावं यादीत धरण्याची पद्धत नाही. मग जिल्ह्यातल्या एका दैनिकाच्या वार्ताहराला मी सगळी हकिकत स्वच्छ अक्षरात लिहून दिली. बातमी आली. मथळा होता : ‘प्राचार्यांच्या पत्नीने वाचवले मुलींचे वसतिगृह’. आत बाईंचं नावही पत्नी म्हणूनच.

मी फोनवर ओरडलेच. वार्ताहर शांत. “ताई, प्राचार्यांच्या खुर्चीवर बाई म्हटल्यावर डेस्कवाल्याला वाटलं, मिसेसच असणार. पण बातमी लई मोठी लागली की!”

रविवारी बघते तर ज्ञानकोशात प्राचार्यांच्या पत्नीचं ते वाक्य थाटात बसलेलं, खाली बातमीचा संदर्भ. मी काढलं. तासाभरात परत आलं. ‘संदर्भ असलेला मजकूर काढू नये.’ तिसऱ्यांदा काढलं, तर माझं खातंच आठवडाभर बंद केलं. मी माउस आपटला. कॅफेवाल्यानं तो मुकाट्यानं उचलून बाजूला ठेवला.

कात्रण घेऊन मी घाटनांदूरला गेले. बाई निवृत्त होऊन तिथंच राहत होत्या. वाटलं होतं, त्या वर्तमानपत्रावर चिडतील, मग आम्ही दोघी मिळून चिडू. त्यांनी चष्मा लावून सगळं वाचलं.

“तुला हे करायला कुणी सांगितलं होतं?”

“बाई, तुमचं नाव कुठंच नव्हतं.”

“नव्हतं ते बरं होतं.” त्यांनी कात्रण माझ्याकडे परत सरकवलं. “मी त्या खुर्चीत बसले तेव्हा लोक हेच बोलायचे. प्राचार्यांचं आणि हिचं काहीतरी आहे, म्हणून बसवली. दीड वर्ष ऐकलं मी ते. आता तू छापून आणलंस.”

चहा न घेताच मी उठले. त्यांनी थांब म्हटलं नाही.

दैनिकाच्या कचेरीत मी सलग तीन दिवस जाऊन बसले, तेव्हा कुठे दोन ओळींचा खुलासा छापला, बाजारभावाच्या खाली. तो ज्ञानकोशात दिला. टोपणनाववाल्यानं मान्य केलं आणि सगळं वाक्यच उडवलं. ‘संदर्भ वादग्रस्त.’ मी खरं वाक्य परत घालायला गेले नाही. कोणत्या तोंडानं घालणार होते?

शाळेतून बाईंना फोन केला.

“गेलं ना ते?” त्या म्हणाल्या. “मग बास.” आणि फोन ठेवला.

मी तासावर गेले. त्या दिवशी वर्गातल्या मुलींनी काहीएक कारण नसताना माझी बोलणी खाल्ली.