बसायला तंबाखू लागत होती

दिगंबर गेला हा निरोप परतूरच्या मोंढ्यात, धान्याच्या बाजारात आला, तेव्हा मी ट्रकवर सोयाबीनच्या पोत्यांची थप्पी लावून घेत होतो. तोंडातून पहिली शिवी निघाली. रडू नंतर आलं... राग अजून गेला न्हाई.

आम्ही दोघं एकाच टोळीतले हमाल. वय झालं तसा मी मुकादम झालो, तो पोतंच उचलत राह्यला. आमच्या टोळीचा रिवाज असा, की एक ट्रक भरला की तंबाखू मळायला बसायचं. घड्याळ न्हाई, शिट्टी न्हाई, तंबाखू हीच सुट्टी. डॉक्टरनं तोंडातला पांढरा चट्टा दाखवला, तसा दिगंबर जांब समर्थला गेला, देवासमोर हात जोडले आन त्या दिवसापासून चिमूटभरसुद्धा तोंडात टाकली न्हाई. उभ्या जन्माची सवय! चिडचिडला, पण गडी मोडला न्हाई. मी सगळ्या मोंढ्यात छाती फुगवून सांगत फिरलो, आमच्या दिगंबरसारखं मन कोणाचं न्हाई म्हणून. आन तिसऱ्या दिवशी तो आमच्याजवळ नुसता टेकायला आला, तर मीच म्हणालो, "काय रे, खायची न्हाई तर बसतो कशाला? पाय चेपून पाह्यजेत का?" टोळी खो खो हसली. तोही हसला. "बराबर हाय, मुकादम," म्हणाला आन उठून पोत्याकडं गेला.

त्यानंतर पाच वर्षं तो बसला न्हाई. आम्ही तंबाखू मळायचो, तो सांडलेलं धान्य झाडायचा, न्हाईतर दुसऱ्या टोळीच्या ट्रकला हात लावायचा. शेवटच्या आठवड्यात म्हणाला, छातीत कळ येऊन राह्यली. मी म्हणालो, मन घट्ट कर, जाईल... अरे, मन तर घट्टच होतं त्याचं! छातीचं कोण बघणार होतं?

तेराव्याला एकेक जण उठून सांगू लागला, काय कष्टाळू माणूस, पाच मिनिटं कधी टेकला न्हाई. मला ऐकवेना. मी ओरडलो, "बंद करा ही तारीफ! ज्यानं तंबाखू सोडून दाखवली, त्याला बसणं जमलं नसतं का? आम्ही बसू दिलं न्हाई त्याला!"

त्याची बायको कांताबाई दारातून म्हणाली, "भाऊजी, आम्ही म्हणू नका. तुमच्या एका शब्दावर ते उठले, घरी येऊन सांगितलं होतं मला. तुमच्याच एका शब्दावर बसलेपण असते."

मी कोणापुढं खाली मान घालणारा न्हाई. त्या दिवशी घातली.

आता ट्रक भरला की मी सगळ्यांना बसवतो, खाणाऱ्याला अन् न खाणाऱ्यालाही. पोरं कुजबुजतात, मुकादम म्हातारा झाला. कुजबुजू द्या, पण आधी बसा! आम्ही हमाल खांद्यावर पोत्याचा एक तुकडा घेतो, बसताना तोच खाली अंथरतो. सगळ्यांचे तुकडे मातीनं लाल-काळे झालेत. दिगंबरचा, तंबाखू सोडली तेव्हा नवा घेतलेला, अजून गोदामातल्या खुंटीला आहे. मी परवा काढून पाह्यला. खांद्याच्या जागी आरपार भोकं पडलीत... आन बसायच्या बाजूला मातीचा एक डागसुद्धा न्हाई.