कॉम्प्युटर हळू, बोलणी मुलीला

मंडळी, आज सकाळी बोरिवलीत रक्त तपासायला गेले आणि डोकं तापवून घरी आले.

काउंटरवरच्या मुलीचा कॉम्प्युटर लवकर सुरूच होईना. माझ्यापुढचा गृहस्थ तिच्यावर खेकसला, "काम करायचं नसेल तर घरी बस ना!"

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. ऐंशीच्या दशकात मी अंधेरीच्या एका कारखान्यात टायपिस्ट होते. ऑफिसात पहिला कॉम्प्युटर आला, तो माझ्याकडे दिला. चालू केला की तो आधी स्वतःची मेमरी तपासायचा, मग कुरकुरत फ्लॉपी वाचायचा. मॅनेजरना वाटायचं, मी आराम करतेय. एकदा चिडून त्यांनी बटणच बंद केलं. चालू केलं, पुन्हा बंद.

"साहेब, बंद केलंत की तो परत पहिल्यापासून सुरू होतो," मी म्हणाले.

"मला शिकवू नकोस. हे बायकांचं कामच नाही."

दुसऱ्या दिवशी मी परत टाइपरायटरवर. माझ्या जागी आलेल्या पुरुषाला मात्र ते म्हणायचे, "मशीन आहे, वेळ लागणारच."

तेव्हा नोकरी हवी होती, गिळलं. आज नाही गिळलं. "ओ मिस्टर, ओरडायचंय ना? त्या डब्यावर ओरडा!" तो तोंड वाकडं करून बाजूला झाला.

मुलगी हळूच म्हणाली, "जाऊ द्या ना काकू, रोजचंच आहे."

त्याच्यापेक्षा जास्त राग मला या वाक्याचा आलाय. हे 'रोजचंच' म्हणायला पोरींना कोणी शिकवलं? सांगा ना.