बडे सरांची वरात
इंदूरजवळच्या गौतमपुऱ्याच्या पलीकडच्या एका गावात मी सहावी ते आठवीच्या सरकारी शाळेत शिकवत होते, तेव्हाची गोष्ट. सहावीत पोरंच येईनात. रोज सकाळी खासगी शाळेची पिवळी व्हॅन हॉर्न वाजवत यायची आणि टाय लावलेली मुलं भरून न्यायची. वरून तंबी आली होती, पट वाढवा, नाहीतर शाळा बंद.

आमचे हेडमास्तर, गावाचे बडे सर, इंदूरचे मराठीच. पूर्वज संस्थानच्या घोडदळात होते, हे आल्या-गेल्याला ऐकवायचे. म्हणाले, "मॅडम, ढोल लावून रॅलीच काढू."

ढोलवाला गावातलाच, लग्नात वाजवणारा. आला तो सजवलेली घोडी घेऊनच. "भिया, अपना ढोल-घोडी साथ ही चलता है."

मी म्हटलं, "सर, बसा ना. घोडदळवाले तुम्ही!"

सरांचा चेहरा उतरला. पण गाव बघत होतं. स्टुलावर चढून घोडीवर बसले बिचारे.

ढोल वाजला आणि घोडी नाचायला लागली. बायका वरात समजून ताटं घेऊन बाहेर आल्या. एकीने सरांना कुंकू लावलं, दुसरीने मला विचारलं, "दुल्हन किधर की है?" पोरांना शाळेत घाला म्हणून सर वरून ओरडत होते, "दाखिला कराओ! दाखिला!" पण ढोलापुढे ऐकतो कोण?

तेवढ्यात मागून व्हॅनने जोरात हॉर्न दिला. घोडी बिथरली आणि सरांना घेऊन थेट स्वतःच्या घरी पळाली. मागे ढोलवाला, त्याच्या मागे मी.

अंगणात ढोलवाल्याची मुलगी चारा टाकत होती. घोडीची देखभाल करायला बापाने तिला पाचवीनंतर घरी बसवलं होतं. तिने लगाम धरला, तरी घोडी जागच्या जागी नाचतच होती.

"आधी उतरव मला," सर काकुळतीला आले.

पोरगी शांतपणे म्हणाली, "पेलां म्हारो नाम लिखो." पहिलं माझं नाव शाळेत घाला.

बाप धापा टाकत म्हणाला, "फिर घोडी को कौन देखेगा?"

"घोडीपण आण शाळेत!" सर मानेला मिठी मारून किंचाळले. "ले आओ, उसको भी ले आओ!"

मी तिथेच तिचं नाव लिहून घेतलं. तिने जीभ टाळूला लावून टॉक केलं आणि घोडी गप्प उभी राहिली.

दुसऱ्या दिवसापासून घोडी शाळेच्या लिंबाखाली बांधलेली. ती बघायला पोरं यायला लागली. त्यातली काही वर्गात बसली, काहींनी तर व्हॅन सोडली. तपासणीला आलेल्या साहेबांनी विचारलं, "ये क्या है?" सर ताठ उभे राहून म्हणाले, "नवाचार है, सर." सरकारी भाषेत नवाचार म्हणजे शिक्षणातला नवा प्रयोग. शाळा वाचली.

पोरगी गणितात कच्ची होती. पाढे म्हणताना रडायची, पण हटायची नाही. आठवीला चांगली पास झाली. निकाल ऐकून बापाने ढोल खाली ठेवला आणि मला विचारलं, "मैडमजी, नौवीं किधर है?"

नववी गौतमपुऱ्याला होती. त्याने तिला बसमध्ये बसवून दिलं आणि घोडीला पाणी पाजायला स्वतः घरी गेला.