रजई कोणी धुते का?

आमच्या सावली गावात इनायतभाऊंसारखी रुई पिंजणारा दुसरा नाही आणि त्यांच्याइतका हट्टीही दुसरा नाही. पंधरा वर्षं मी त्यांच्या रजयांना खोळी शिवते, तेव्हा एवढं बोलायचा मला हक्क आहे.

त्यांची नात उमेरा आठ वर्षांची. तिची तांबूस मांजर मन्नी दिवसभर दुकानात पिंजलेल्या रुईच्या ढिगावर लोळायची. भाऊ गिऱ्हाइकावर खेकसतील, पण मन्नीला त्यांनी कधी हाकललं नाही.

गेल्या थंडीत उमेराला शिंका सुरू झाल्या. डोळे लाल, छातीत घरघर. डॉक्टर म्हणाले, मांजराची ॲलर्जी आहे. औषध द्या, मांजर झोपायच्या खोलीत नको, आणि पांघरूण दर आठवड्याला गरम पाण्यात धुवा.

पहिल्या दोन गोष्टी भाऊंनी ऐकल्या. तिसरीला हसले.

"नीलाबाई, रजई कोणी धुते का? रुईचा गोळा होऊन जाईन. डॉक्टरले काय समजते?"

मीही हसले. आमच्या धंद्यात खोळ धुतात, रजईला ऊन दाखवतात.

महिना झाला तरी शिंका थांबेनात. तेवढ्यात एटापल्लीच्या सोमारीबाई गादी न्यायला आल्या. त्यांच्या घरी उंदरांचा सुळसुळाट. भाऊंनी मन्नीला टोपलीत घातलं, वर फडकं बांधलं आणि देऊन टाकलं. उमेरा दोन दिवस धड जेवली नाही. शिंका तशाच.

फाल्गुनात भाऊंनी तिची रजई पुन्हा पिंजायला उसवली. मी समोरच शिवत होते. पांढऱ्या रुईत जिकडेतिकडे तांबूस केस! लाडक्या नातीसाठी म्हणून त्यांनी मन्नीच्या ढिगातली, सगळ्यात मऊ रुई भरली होती.

"मन्नीले घरातून काढलं, अन् रजईत मीच भरलं न, बाई."

ती रुई फेकली, धुता येईल असं ब्लँकेट आणलं. महिन्याभरात शिंका थांबल्या. भाऊ लगेच बस धरून एटापल्लीला गेले. मन्नी तिथे नेल्याच्या दुसऱ्याच दिवशी जंगलाकडे निघून गेली होती. हाका मारून मारून सोमारीबाईंचाही घसा बसला होता म्हणे.

उमेरा अजून आजोबांना विचारते, "दादा, मन्नी कधी येईन?"

परवा ती अशीच विचारून शाळेत गेली. भाऊ रुई पिंजता पिंजता थांबले.

"पोरगी शिंकत राह्यली असती त बरं होतं, नीलाबाई. दोष मन्नीचाच राह्यला असता."

बोलून गेले आणि स्वतःच स्वतःच्या तोंडात मारून घेतली.