आठशे पिवळी कार्डं आणि जानकीची डबी

सोमवारी सकाळी साडेआठला मी मागच्या हॉलचं कुलूप काढलं आणि दारातच थबकले. दोऱ्यांवर वाळत घातलेल्या आठशे पिवळ्या कार्डांवर लाल शिंतोडे होते. कुठे मोहरीएवढे, कुठे अंगठ्याएवढे. आत कुणी कोंबडं कापलंय की काय, असंच वाटलं.

अकरा वाजता पार्टी सँपल बघायला येणार होती. मंगळवारी डिलिव्हरी.

साठ सालच्या आसपासची गोष्ट. मद्रासला जॉर्जटाऊनमधल्या एका छापखान्यात मी हातकामाच्या सेक्शनची सुपरवायझर होते. पोंगलला, म्हणजे आपल्या संक्रांतीला, तिकडे शुभेच्छापत्रं पाठवायची मोठी पद्धत. बहुतेक कार्डं मशीनवर छापत. एका शिलाई-यंत्रांच्या कंपनीला मात्र हाताने केलेली हवी होती, आणि रंग मंगल हवा होता. म्हणून मी हळद निवडली. हळद तुरटी घालून उकळायची, गाळायची आणि रुंद ब्रशने हातकागदावर एकच हात द्यायचा. याला आम्ही वॉश म्हणायचो. वॉश वाळला की लाकडी ठशाने काळ्या शाईत पोंगलचं मडकं आणि ऊस उमटवायचा. शेवटी हाडाच्या पट्टीने घडी. नखाने घातली तर कागदाला नको ती चमक येते.

यातली प्रत्येक पायरी माझ्या वहीत लिहिलेली असे. झालं की टिक.

माझ्या पाठोपाठ मालक आले. ते माझ्याशी आमच्या तंजावरच्या मराठीत बोलत. ओरडत मात्र तमिळमध्ये, सगळ्यांना कळावं म्हणून.

"पान खाऊन थुंकलंय कुणीतरी!" ते ओरडले. "कोण?"

सेक्शनमध्ये चार बायका. पान खाणारी एकच, जानकी. पन्नाशीची. ठसा मारण्यात तिच्याइतका स्थिर हात कुणाचा नव्हता. सगळ्यांनी तिच्याकडे पाहिलं. मीसुद्धा.

"शनिवारी शेवटी तूच बाहेर पडलीस ना?" मी विचारलं.

"हो अम्मा. चिमटे लावून."

"उद्यापासून येऊ नकोस," मालक म्हणाले. "उद्या कशाला, आत्ताच नीघ. पोंगलच्या तोंडावर माझ्या कामावर थुंकतेस?"

मी गप्प राहिले. दहा वर्षं ती माझ्या हाताखाली होती, तरी गप्प राहिले.

जानकी रडली नाही. "मुदलाळी," ती मालकांना म्हणाली, "आठशे कार्डांवर थुंकायचं तर रावणाची तोंडं लागतील. मला एकच आहे, त्यातही चार दात कमी."

तिने एक कार्ड काढून नाकाशी नेलं. मग डाग जिभेला लावून पाहिला. कमरेची चुन्याची डबी काढली, बोटाच्या टोकावर ओला चुना घेतला आणि कार्डाच्या स्वच्छ पिवळ्या कोपऱ्यावर टेकवला.

आमच्या डोळ्यांदेखत पिवळ्याचं लाल झालं. अगदी तोच लाल.

"ओवाळायला आरतीचं पाणी कसं करता घरी, अम्मा?"

हळदीच्या पाण्यात चिमूटभर चुना घातला की पाणी लाल होतं. नवरी उंबऱ्यावर आली की ओवाळायचं ते पाणी मी परकर-पोलक्याच्या वयापासून कालवत आले होते.

"पण इथे चुना आला कुठून?" मालकांनी विचारलं.

जानकीने भिंतीवरून तळवा फिरवला आणि आमच्यासमोर धरला. पांढराफटक.

पोंगलआधी तिकडे भिंतींना चुना काढतात. हॉलला शुक्रवारी काढून घेतला होता. मीच. रंगाऱ्याने चुन्यात डिंक घातला नसावा, कारण भिंती झडत होत्या. आणि कार्डं सोमवारपर्यंत वाळावीत म्हणून पंखे पूर्ण जोरात चालू ठेवायला सांगितलं होतं, तेही मीच. भुकटी उडून ओल्या हळदीवर बसली होती.

मी वही उघडली. भिंतींना चुना, टिक. कार्डं टांगली, टिक. पंखे, टिक. एकाखाली एक, माझ्याच अक्षरात. डागांनी बसला नव्हता एवढा धक्का त्या पानाने बसला.

"चूक माझी आहे," मी मालकांना म्हणाले. "घालवायचं तर मला घालवा."

"आणि अकराला पार्टीला तोंड कोण दाखवणार? मी?"

"मग जानकी राहील."

"आधी कार्डांचं बघा, बाई!"

म्हणजे राहील.

डाग निघणार नव्हते. "मग आणखी पाडू," जानकी म्हणाली. दारावरच्या भाजीवालीकडून तिने एक जाडजूड रताळं आणलं आणि आडवं कापलं. बशीत फेल्टचा तुकडा ठेवून मी त्यावर चुन्याची निवळी ओतली. तिने काप त्यावर टेकवून कार्डावर दाबला. लाल गोल सूर्य उमटला. शिंतोडे आता त्याच्यातूनच उडाल्यासारखे दिसू लागले. पोंगल सूर्याचाच सण. खाली मडक्याचा ठसा मारला आणि कार्ड पुरं झालं.

अकरापर्यंत वीस झाली. कंपनीचे वरदराजन खिडकीशी जाऊन कार्ड उजेडात धरून बराच वेळ पाहत राहिले.

"हा लाल कुठल्या शाईचा?"

"शाई नाही सार, चुना आहे," मी म्हणाले.

"टिकेल?"

खोटं बोलायची सोय नव्हती. "पोंगलपर्यंत टिकेल. पुढची खात्री नाही."

"पोंगलनंतर कार्ड बघतो कोण?" ते म्हणाले आणि सँपलवर सही केली.

मंगळवारी संध्याकाळी डिलिव्हरी गेली. मालकांनी जानकीची माफी मागितली नाही. बुधवारी तिच्या टेबलावर कोवळ्या विड्याच्या पानांची एक जुडी होती, एवढंच. मी मात्र मागितली, बाकी तिघींसमोर.

"असू दे अम्मा," ती पान लावता लावता म्हणाली. "पण यापुढे पंख्याचं बटण माझ्याकडे."

दिलं. आणि वहीच्या पहिल्या पानावर एक ओळ वाढवली, जी रिटायर होईपर्यंत प्रत्येक नव्या वहीत उतरवली: डाग दिसला की आधी भिंतीला हात लावायचा. माणसाकडे बोट नंतर.