मोराचा चाकू आणि शिंगाचा चाकू

“दुसरा म्हंजे नुसतं वांगं हाय,” थोरले काका ओसरीवर म्हणाले आणि बसलेले सगळे हसले.

दसऱ्याची सकाळ होती. मी माजघराच्या दाराआड आपट्याची पानं निवडत बसले होते. ओसरीवर पाटावर दोन मिटते चाकू ठेवले होते आणि सांगलीच्या पेठेतली चार जाणती माणसं त्यांच्याकडे बघत होती. आमचं लोखंडी सामानाचं दुकान. लढाई सुरू झाली तसे विलायती चाकू यायचे बंद झाले. आदल्या वर्षी दादांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, कुठून तरी चाकूंची एक पेटी आणवली होती. दिवाळीनंतर ते चाकू एकेक करून दुकानात परत आले. कुणाची कमान, म्हणजे पातं ताणून धरणारी पट्टी, तुटली होती, कुणाचं पातं हलत होतं. दादांनी सगळे मुकाट्याने परत घेतले, पण तेव्हापासून गिऱ्हाइकाशी बोलताना त्यांचा आवाज उतरला तो उतरलाच. पुन्हा एकदा माल परत आला तर मी दुकानाच्या फळीवर बसणार नाही, असं ते आईला म्हणाल्याचं मी ऐकलं होतं.

म्हणून या वेळी त्यांनी साताऱ्याच्या एका कारागिराला दोन नमुने करायला सांगितले होते. दसऱ्याच्या मुहूर्तावर त्यातला एक पसंत करायचा आणि कारागिराच्या हातात नारळ द्यायचा. नारळ दिला की शब्द दिला. मग वर्षभर आमच्या दुकानात तोच चाकू.

कारागीर पन्नाशीचा, बारीक, पागोटं मांडीवर काढून ठेवून बसलेला. दोन्ही चाकूंचं पातं एकच, कमान एकच. फरक फक्त मुठीचा. एक मूठ पितळेची, सडपातळ. तिच्यावर उठावाचा मोर, पिसाऱ्याच्या डोळ्यांत लाल-हिरवी लाख भरलेली. तो दादांनी सांगून करवलेला. दुसरी म्हशीच्या शिंगाची, काळी, मधे फुगलेली. तो त्याने आपल्या मनाने केला होता. काकांनी वांगं म्हटलं ते तिलाच.

“त्यो मोर, तर ही लांडोर म्हना,” कारागीर शांतपणे म्हणाला. “पर अंडी लांडोरच देती, मालक.”

पुन्हा हशा झाला. काका म्हणाले, “आरं, पर पेठंत अंडी कोन बघतंय? पिसारा बघून गडी थांबतोय.”

मालक म्हणतील तसं, असं कारागिराच्या चेहऱ्यावर होतं.

मोर जिंकणार हे मला आदल्या दिवशीच कळलं होतं, आणि ते का हेही कळलं होतं. कारागीर साताऱ्याहून लढाईमुळे पेट्रोलऐवजी कोळशावर चालणाऱ्या मोटारीने आला तो अष्टमीच्या संध्याकाळी. दुसऱ्या दिवशी खंडेनवमी. आमच्या घरात नवमीला लोखंड चालवायचं नाही. विळी, कोयता, दुकानातल्या कात्र्या, सगळ्यांना हळद-कुंकू लावून झेंडूची फुलं वाहायची आणि दिवसभर हात लावायचा नाही. भाजीसुद्धा आई अष्टमीलाच चिरून ठेवते. त्यामुळे हे दोन नवे चाकूही आल्या आल्या पूजेत बसले. दिवसभर येणारी माणसं वाकून नमस्कार करत होती आणि वाकल्यावर मोराकडे बघत होती. संध्याकाळपर्यंत सगळी पेठ मोराची झाली होती. कुणाची चूक म्हणावी? पूजेत मांडलेली वस्तू माणूस डोळ्यांनीच पारखणार.

दसऱ्याला हात लावायला मोकळीक होती, तरी चाकू एकमेकांच्या हातात द्यायचा नाही, भांडण होतं. म्हणून एकाने उचलायचा, खटकन उघडायचा, खटकन मिटायचा, पाटावर ठेवायचा, मग दुसऱ्याने उचलायचा. दोन बोटांत धरून. चारही जणांनी असंच केलं. पूर्ण मुठीत असं कुणीच धरलं नाही.

मी धरलं होतं.

हे सांगायचं तर थोडं मागे जायला हवं. दादांनी मला पाचगणीला इंग्रजी शाळेत ठेवलं होतं. तिथे मी सात वर्षं राहिले आणि परत आले ती घरात पाहुण्यासारखी. इंग्रजीत मला विचारल्याशिवाय बोलायचं नाही असं शिकवलं होतं आणि मराठीत कुणी विचारत नव्हतं. काका मला मडम म्हणत. वाईट वाटावं असं त्यात काही नव्हतं, पण मडम म्हटलं की माझं तोंड आपोआप मिटायचं. बघायची सवय मात्र लागली. शाळेत चित्रकलेच्या तासाला प्रत्येकीकडे पेन्सिल तासायचा लहान चाकू असे. माझा शिंपल्याच्या मुठीचा, दुकानातून दादांनी खास निवडून दिलेला. मुली तो बघायला मागून घ्यायच्या. तासायला मात्र मी शेजारणीचा लाकडी मुठीचा घ्यायचे, कारण माझ्या चाकूने चौथ्या पेन्सिलीला अंगठा दुखायचा. मी हे दादांना कधी कळवलं नाही. पत्रात लिहिलं, चाकू सर्वांना आवडला.

नवमीच्या दुपारी घर निजलं होतं. कारागीर ओसरीवर पागोटं उशाला घेऊन झोपला होता. मी पाटापाशी गेले. खोटं कशाला सांगू, मी आधी मोरच उचलला. तो सुंदर होता, आजही म्हणेन. मग दुसराही उचलला आणि दोन्ही पदराखाली घेऊन परसात गेले. तिथे मामांच्या मळ्यातून आलेली उसाची मोळी भिंतीला टेकून उभी होती. एक ऊस काढला आणि सोलायला बसले.

मोराने पहिलं कांडं झकास सोललं गेलं. दुसऱ्याला तळहात उगीच सावध झाला. तिसऱ्या कांड्याला मोराचा तुरा नेमका पहिल्या बोटाच्या मुळाशी रुतायला लागला. रस लागल्यावर पितळ निसटू लागलं, म्हणून मी आणखी घट्ट धरलं, आणि जितकं घट्ट धरावं तितका तुरा आत जाई. पाचव्या कांड्याला मी थांबले. हात उघडून बघितला तर तळव्यावर मोर उमटलेला, आणि पिसाऱ्याच्या जागी एक फोड.

मग शिंगाचा घेतला. दुखऱ्या हातात घेतला, म्हणजे त्याच्यावर अन्यायच होता. पण त्याचं पोट तळहाताच्या खळग्यात जाऊन बसलं. करंगळीला सुद्धा जागा होती. मी सात कांडी सोलली आणि सातव्याला लक्षात आलं की इतका वेळ मी चाकूचा विचारच केला नव्हता, उसाचा केला होता.

त्या क्षणी माझा निकाल लागला. मला ठाऊक होतं आमचे चाकू कोण घेतं. मिरजेचे सतार करणारे घेतात, तारखुंट्यांची लाकडं दिवसभर तासतात. पानमळ्यातले गडी घेतात. शाळामास्तर घेतात, पन्नास पोरांचे बोरू तासून देतात. ही माणसं दिवाळीला मोर बघून चाकू नेतील आणि संक्रांतीला परत आणून फळीवर ठेवतील. पातं चांगलं, कमान चांगली, तरी परत आणतील. आणि दादा पुन्हा मुकाट्याने घेतील.

मी दोन्ही चाकू धुतले, पुसले, पाटावर ठेवून पुन्हा कुंकू लावलं. चाकूबद्दल मला काडीचीही शंका नव्हती. शंका होती ती माझ्या तोंडाची.

आईला मात्र रात्रीच्या स्वयंपाकाच्या वेळी सांगितलं. ती भाकरी थापत होती. हात थांबला.

“नवमीचं लोखंड चालवलंस व्हय गं?”

“हो.”

“दोन्ही?”

“एकाने कसं कळणार?”

तिने माझा हात ओढून फोड बघितला, त्यावर तूप लावलं. “हे काकांच्या म्होरं बोलू नगंस. घरात अपशकून झाला म्हनून वर्षभर ऐकवतील. काय झालं न्हाई, काय बघितलं न्हाई.”

“आणि चाकू परत आले तर?”

तिने तव्यावरची भाकरी उलटली. “तुजे दादा तुजं ऐकतील,” ती म्हणाली, “पर त्यासाठनं तुला बोलाय लागंल.”

आणि आता ओसरीवर काका म्हणत होते, “बघताय काय? मोराला नारळ द्या आनि मोकळं व्हा. कारागिरास्नी दुपारची मोटार गाठायची हाय.”

दादा मोरावरून अंगठा फिरवत होते. खूश दिसत नव्हते, नाखूशही नव्हते. गेल्या वर्षीची पेटी त्यांच्या डोळ्यांपुढे असावी. ज्याचा धीर सुटलाय तो माणूस चारचौघांच्या मताने जातो, हे मी पाचगणीत मुलींमध्ये पुष्कळदा बघितलं होतं. त्यांनी आतल्या दाराकडे तोंड करून सांगितलं, “ताट आणा.”

आईने नारळ, पानं, सुपारी ठेवलेलं ताट उचललं, आणि स्वतः न जाता माझ्या हातात दिलं.

मी उंबरा ओलांडला.

“या, मडम,” काका म्हणाले. “ठेवा हितं.”

मी ताट ठेवलं नाही. हातातच धरून उभी राहिले. सगळे माझ्या तोंडाकडे बघायला लागले, कारागीरसुद्धा. दादांनी नारळ घ्यायला हात पुढे केला होता. मी एक पाऊल मागे सरले आणि तो हात तसाच राहिला. त्यांच्या कपाळावर आठी आली. मला इंग्रजीत वाक्य सुचलं, ते मी गिळलं. मराठीतलं यायला थोडा वेळ लागला, पण आलं ते सरळ आलं.

“दादा, काल नवमीला मी हे दोन्ही चाकू पाटावरून उचलले आणि ऊस सोलला. मोर हाताला लागतो, हा बघा फोड. नारळ शिंगाच्या चाकूला द्या.”