शून्याचा पडताळा

शिवाजी पेठेतल्या त्या क्लासची मला आजही किळस येते. नव्वदच्या दशकात मी बारावीला होते. सकाळच्या गाडीनं हातकणंगल्याहून यायचं आणि तालमीमागच्या कोंदट खोलीत, दुसऱ्यांच्या घामाच्या वासात, चेंगरून बसायचं. आप्पांची, म्हणजे माझ्या वडिलांची, एकच अट होती. क्लासच्या सरांनी इंजिनिअरिंगच्या बॅचला घेतलं तर पुढं शिकायचं, नाहीतर बारावीनंतर घरी. सरांचा शब्द आमच्या घरात देवाच्या कौलासारखा होता.

हे देव दाढेत तंबाखू धरून शिकवायचे. कंसात x+3 दिसलं की उजवीकडं x च्या जागी x−3 टाकायचं, एवढीच त्यांची विद्या. “चिन्ह उलटं, गणित सुलटं!” असं सगळ्या वर्गानं बोंबलायचं. जी बोंबलणार नाही ती तासभर उभी. वर पडताळा कायम शून्य घालून, कारण त्याला डोकं लागत नाही.

एकदा फळ्यावर f(2x+3) = 4x+7 आलं. त्यावरून f(x) काढायचं होतं. सरांनी नेहमीप्रमाणे x−3 टाकून 4x−5 लिहिलं. मग मूळ गणितात x ला शून्य मानलं, तिनाचे सात आले; उत्तरात तीन घातला, तरी सातच, वर्ग बोंबलला. कंसातल्या x ला लागलेल्या दोनाकडं कुणी ढुंकूनही बघितलं नाही. मी 2x+3 ला t मानलं होतं आणि माझं उत्तर आलं होतं 2x+1. त्यातूनही तिनाचे सातच येत होते. म्हणून मी शून्याऐवजी एक घातला. मूळ गणिताप्रमाणे पाचाचे अकरा व्हायला हवे होते. उत्तरात पाच घातल्यावर माझे अकरा झाले, सरांचे पंधरा.

“सर, एक घालून बघा की,” मी उभी राहून म्हणाले.

सर खिडकीतून पचकन थुंकले. “पडताळा शून्यानंच घ्यायचा असतोय. लई शानी झालीस व्हय? उद्या बापाला घेऊन ये.”

दुसऱ्या दिवशी आप्पा पेंडीचं दुकान बंद ठेवून आले. मी त्यांच्यासमोर दोन्ही उत्तरं फळ्यावर मांडली, एक घालून दाखवला. आप्पा जुने मॅट्रिक. ते बराच वेळ फळ्याकडं बघत राहिले आणि मग त्यांनी सरांपुढं हात जोडले. “पोरीचं चुकलं, सर. पदरात घ्या.”

“असली उर्मट पोरगी मला बॅचला नको,” असं म्हणून सरांनी फळा पुसला.

परतीच्या गाडीत आप्पांनी शेंगांची पुडी पुढं केली. मी ती परत त्यांच्याच मांडीवर ठेवली.

“आप्पा, तुम्हाला ते पंधरा दिसलं न्हाईत?”

“दिसलं की. तुझंच बरोबर हाय.”

“मग?”

“मग काय? सरांनी घेतलं न्हाय न्हवं?” आप्पा शेंग फोडत म्हणाले. “आपलं तसंच ठरलं हुतं.”